टॉवेलाखालचा आकडा

बागांवर पांढरं कापड चढायला लागलं की समजायचं, हस्त बहाराचं डाळिंब भरत आलं. थंडी पुरती गेलेली नसते. सकाळी कालव्याच्या कडेनं गाडी काढली तर काचेवर दव असतं, पण दुपारी असं ऊन लागतं की उघडं फळ एका अंगानं भाजून निघेल. म्हणून शेतकरी ओळीच्या ओळी झाकून टाकतात. अंथुर्ण्याच्या बाजूला चढावरून खाली पाहिलं तर वाटतं, कुणीतरी शिवारभर धोतरं वाळत घातलीत. रस्त्यानं जाणारे लोक थांबून फोटो काढतात. मी थांबत नाही. मला त्या कापडाखाली काय आहे ते ठाऊक असतं, आणि त्या दिवसांत काय घडलं तेही.

मी डाळिंबाचा व्यापारी. बाग उभी असताना बघायची, झाडावरच्या मालाचा भाव ठरवायचा, आपली माणसं लावून तोडायची आणि गाडी भरून लावायची. इंदापूरच्या बाजारात दुसऱ्याचे क्रेट उचलत सुरुवात केली. मला कुणी हात दिला नाही आणि मीही कुणाला रुपयाची सूट दिलेली नाही. भाव करताना माझा आवाज चढतो, मग तो उतरायला वेळ लागतो. बायको म्हणते, तुम्ही देवळातल्या नारळवाल्याशीसुद्धा भांडता. भांडतो. नारळवाला आकडा सांगतो, मी दुसरा सांगतो, त्यात पाप काय? आकडा सांगणाऱ्या माणसाशी भांडता येतं. हे सुख किती मोठं असतं ते मला फार उशिरा कळलं.

आकड्यांची ही विद्या आबांची. माझे वडील जनावरांच्या बाजारात दलाली करायचे. खिलार बैलाच्या पाठीवरून हात फिरवला की त्याचं वय, त्याची खोड आणि त्याच्या मालकाची गरज, तिन्ही एकदम ओळखायचे. भाव मात्र कधी तोंडानं बोलायचे नाहीत. खांद्यावरचा टॉवेल काढायचा, समोरच्याच्या हातावर टाकायचा आणि आत बोटं. एक बोट दाबलं की एक, पंजा धरला की पाच. शेकडा की हजार, ते जनावराकडं बघून दोघांनाही ठाऊक. समोरच्याच्या पेरांवरून अंगठा फिरवला की तो प्रश्न, किती? पटलं की हात दाबायचा. समोरचा खोटं सांगतोय असं वाटलं की हात काढून घ्यायचा आणि मागं न बघता चालू लागायचं. भोवती दहा माणसं उभी असली तरी आकडा दोघांचाच. घेणाऱ्याची हाव आणि विकणाऱ्याची लाज झाकायला टॉवेल लागतो, असं ते म्हणायचे. उघड्यावर भाव करणं त्यांना उघड्यावर अंघोळ केल्यासारखं वाटायचं.

जेवणं झाली की ते आम्हा दोघा भावांना शिकवायला बसवायचे. त्यांच्या हाताला जनावरांचा आणि तंबाखूचा मिळून एक वास होता. टॉवेलाखाली तो वास कोंडला जायचा. मी भराभर शिकलो. दिनकर धाकटा, त्याला हसूच आवरायचं नाही.

"काय मागितलंस रं दिन्या?" आबा विचारायचे.

"तुमी द्याल तेवढं."

"ह्यो बैल दील आन वर कासराबी दील," आबा आईकडं बघून म्हणायचे. त्यात तक्रार नसायची. माझ्या हुशारीचं त्यांनी कौतुक केलं, पण लाड दिनकरचे केले. हे मी आजही विसरलेलो नाही.

दिनकर शिकला, पुण्यात नोकरीला लागला, ती सोडून परत आला. कालव्याच्या टेलला, अगदी शेवटच्या टोकाला असलेल्या गावांना पाणी पोचत नव्हतं. त्यांचे अर्ज लिहू लागला, मग मोर्चे काढू लागला. ऊसतोडीच्या टोळ्यांत जाऊन बसायचा. सभांत बोलायचा. चांगलं बोलायचा असं लोक सांगायचे, मी कधी गेलो नाही. "जगाचं पाणी भरशील, आणि घरातल्या माठाचं काय?" असं मी त्याला एकदा सगळ्यांसमोर विचारलं होतं. तो म्हणाला, "दादा, माठ तू भरतोस की."

त्या वर्षी बागांना कापड नुकतंच चढलं होतं, तेव्हा ते त्याला न्यायला आले. सकाळची वेळ. त्याची बायको सुनंदा शाळेत शिकवायला जायच्या घाईत होती. गाड्या दारात लागल्या तेव्हा आबांना वाटलं, बाहेरगावचे व्यापारी आले. त्यांनी सगळ्यांना ओट्यावर बसायला सांगितलं आणि स्वतः डाळिंब फोडून ताटलीत दाणे काढले. आतमध्ये लॅपटॉप, पुस्तकं, फोन पिशव्यांत भरले जात होते आणि बाहेर आबा म्हणत होते, "घ्या की सायब, घरचंच हाय." कुणी दाणा उचलला नाही. दिनकर गाडीत बसला. मी बागेतून पोचेपर्यंत धुरळासुद्धा खाली बसला होता. ती ताटली संध्याकाळपर्यंत ओट्यावर तशीच होती, दाणे सुकून काळपट पडले होते. सुनंदानं ती उचलून घासली तेव्हा पहिल्यांदा रडली.

देशाविरुद्ध कट, असा आरोप. पुरावा म्हणून एक भाषण आणि लॅपटॉपमधले कागद. मला कायद्यातलं कळत नाही. मला माल कळतो, आणि माझा भाऊ कसला माल आहे ते मला पुरतं ठाऊक आहे. वकील म्हणाले, या कलमांना जामीन सहजासहजी मिळत नाही, खटला उभा राहायलाच वर्षं जातात.

"किती?" मी विचारलं.

"ते कुणी सांगू शकत नाही."

"अंदाजे सांगा. जास्तीत जास्त धरून सांगा."

"साहेब, ही बाग नाही," ते म्हणाले. चांगला माणूस आहे, आजही तोच केस बघतो. पण त्या दिवशी मी त्याच्या टेबलावर हात आपटला होता.

मग एकेक गोष्ट सुटत गेली. सुनंदाला शाळेनं "सध्या येऊ नका" सांगितलं, तोंडी. ते "सध्या" अजून चालू आहे. माझ्या मुलीची ठरत आलेली सोयरीक मोडली. "आमचं काही नाही हो, पण आमच्या थोरल्या भावांना जरा वाटतंय," असं त्या घरचे म्हणाले. थोरले भाऊ शेजारीच बसून चहा पीत होते. या गोष्टी मी गिळल्या. अंथुर्ण्याच्या रघुनाथतात्यांची गोष्ट गिळली गेली नाही. ती अजून गळ्यात आहे.

तात्यांची बाग मी सलग घेत आलो होतो. टेलला पाणी आलं त्या उन्हाळ्यात त्यांची विहीर पहिल्यांदा आटली नाही, आणि ते पाणी कुणामुळं आलं ते तात्यांनीच मला काठावर उभं करून सांगितलं होतं. दिनकरला नेल्यावर मी नेहमीसारखा त्यांच्या बांधावर गेलो. कापड टाकून झालं होतं.

"तात्या, कधी बघायची बाग?"

"बाग दिली, शेठ."

त्या दिवसापर्यंत ते मला बाळू म्हणायचे.

"कुणाला दिली?"

"दिली एकाला. तुमी मनावर घिऊ नका. कुनाच्या फोनमदी तुमचा नंबर असला तरी इचारत्यात म्हनं."

"कोण विचारतंय? नाव सांगा."

"तसं कोन न्हाय वो. पन पोरगं नोकरीला लागायचं हाय माझं."

मी बरंच बोललो. ते छापण्यासारखं नाही. तात्या मान खाली घालून कापडाची दोरी बांधत राहिले. बांधलेलीच दोरी सोडून पुन्हा बांधत होते.

जेल लांब होतं. भेट काचेतून आणि फोनवरून, तीही फक्त घरच्यांना. पहिल्या वेळी मी पेटीभर डाळिंबं घेऊन गेलो, निवडून काढलेली, बोटानं वाजवली तर खणखणीत बोलणारी. फळं आत जात नाहीत असं दारावरच कळलं. मी घासाघीस करायला लागलो, पेटी नाही तर चार, चार नाही तर एक. शिपाई माझ्याकडं असा बघत राहिला की मलाच कळलं, इथं माझ्या धंद्यातलं काही चालत नाही. पेटी रांगेत वाटून टाकली. रांगेत एक बाई होती, तिचा नवरा खुनाच्या गुन्ह्यात शिक्षा भोगत होता. डाळिंब पदरात घेत तिनं विचारलं, "तुमच्या माणसाची किती राहिली?"

"माहीत नाही."

"म्हंजी? किती लागलीय?"

"लागली नाही. खटलाच चालू झाला नाही."

"अगं बाई," ती म्हणाली. आणि तिनं, खुन्याच्या बायकोनं, माझ्याकडं कीव करून पाहिलं. तिच्याकडं आकडा होता. ती भिंतीवरच्या कॅलेंडरशी रोज भांडू शकत होती. आम्ही कशाशी भांडायचं?

पुढच्या वेळी आबांनी हट्ट धरला, मला न्या. त्यांना कानानं फार कमी ऐकू यायचं. धुतलेला टॉवेल खांद्यावर टाकून ते काचेपुढं बसले. पलीकडं दिनकर. तो वाळला होता, दाढी पांढरी झाली होती. फोनवर तो बोलायचा आणि आबा "आं?" करायचे. तो मोठ्यानं बोलला की मागचा शिपाई हळू बोलायला सांगायचा. असं तीन-चारदा झालं. मग आबांनी फोन खाली ठेवला. टॉवेल काढला, उजव्या हातावर टाकला आणि हात काचेला लावला. मागून पाहणाऱ्याला नुसता टॉवेल दिसावा आणि काचेपलीकडून बोटं. जन्मभराची सवय. काचेवरसुद्धा त्यांनी आडोसा केला.

दिनकर क्षणभर बघत राहिला, मग त्याचा चेहरा लहानपणी फुटायचा तसा हसून फुटला. त्यानंही हात काचेला लावला. आबांनी अंगठा काचेवरून फिरवला. किती?

दिनकरचं हसू गेलं. तो विचार करू लागला. त्याची बोटं हलणार, एवढ्यात शिपायानं टॉवेल ओढला.

"खुणा कसल्या चालल्यात?"

"भाव इचारत हुतो सायब," आबा म्हणाले.

"कसला भाव? कुणाचा?"

आबांना ऐकू आलं नाही. ते म्हणाले, "ह्यो माझा पोरगाच हाय. भाईरचं कोन न्हाय."

भेट तिथंच बंद झाली. कैद्यानं आणि नातेवाइकानं कापडाआड सांकेतिक खुणा केल्या असा अहवाल वर गेला, आणि मग कितीतरी महिने आम्हाला भेट नव्हती. मी अर्ज केले, वरच्या साहेबांपुढं स्वतःच्या हातावर टॉवेल टाकून दाखवला. ते शेजारच्या माणसाला म्हणाले, "म्हणजे सांकेतिक भाषा आहे हे स्वतःच कबूल करतायत." मी गप्प बसलो. माझ्यासारखा माणूस गप्प बसला की आतून सडतो. वरून साल चांगली दिसणाऱ्या फळाचं होतं तसं.

परतीच्या गाडीत आबा खिडकीबाहेर बघत होते. भिगवणच्या पुढं धरणाचं पाणी दिसायला लागलं तेव्हा एवढंच म्हणाले, "सांगनार हुता. बोटं हलली हुती त्येची."

त्या पावसाळ्यात आबांना अर्धांगवायू झाला. डावी बाजू गेली, वाचा गेली. उरला उजवा हात. तो गोधडीवर पडलेला असायचा आणि अंगठा आपला आपण पेरांवरून फिरत असायचा. सुनंदा मला म्हणाली, "दादा, काहीतरी मागतायत." मी म्हणालो, "मागत नाहीत, विचारतायत." तिला कळलं नाही. मी समजावून सांगितलं नाही.

आजारी बापाला भेटू द्या म्हणून वकिलांनी अर्ज केला. तारखा पडत गेल्या. हिवाळा आला, पुन्हा बागांवर कापड चढलं, तेव्हा परवानगी मिळाली. बंदोबस्तात यायचं, दुपारच्या आत परत निघायचं. पोलिसांच्या गाड्या गावात शिरल्या. मी दाराशी उभा होतो. समोरच्या दुकानाच्या पायरीवर माणसं होती, त्यात रघुनाथतात्याही होते. टोपी हातात घेऊन उभे, पण रस्ता ओलांडून अलीकडं आले नाहीत.

दिनकर आत आला तो दोन पोलिसांच्या मध्ये. आबांच्या खाटेपाशी जमिनीवर बसला. आबांनी त्याला पाहिलं. डोळ्यांतून पाणी एकाच बाजूनं आलं, दुसरी बाजू मेलेली होती. दिनकर बोलत राहिला, कानाशी वाकून. त्यांना काय ऐकू जात होतं देव जाणे. मग आबांचा उजवा हात गोधडीवरून सरकत उशाशी गेला. उशाशी टॉवेल होता.

मला कळलं. सुनंदाला त्या दिवशी मी सांगितलं नव्हतं, तरी तिलाही कळलं. ती पुढं झाली आणि तिनं टॉवेल दोघांच्या हातांवर टाकला.

"कापड काढा," बरोबरचे अधिकारी म्हणाले. आवाज चढवला नव्हता त्यांनी. "मागचा रिपोर्ट आहे. हात उघडे ठेवा. माझ्यावर येईल."

"साहेब, म्हातारा माणूस आहे," मी म्हणालो. "बोलता येत नाही, ऐकू येत नाही. त्याच्याकडं एवढी एकच भाषा राहिलीय."

"तुम्ही समजून घ्या."

"तुमचा हात घाला आत. तुमच्या हाताला कळू द्या काय आहे ते. मग तर झालं?"

"कापड काढा."

"अर्धा मिनिट."

आयुष्यात मी इतकी वाईट घासाघीस केलेली नाही. माझ्याजवळ द्यायला काही नव्हतं आणि ते समोरच्याला दिसत होतं. दिनकरनंच टॉवेल बाजूला केला. "असू दे दादा," म्हणाला. त्यानं आबांचा हात आपल्या उघड्या हातात घेतला, बोटं मोकळी करून पुढं धरली. सांगायला तयार.

आबांनी मूठ मिटून घेतली.

खोलीत पोलीस होते, दारात शेजारी होते. बैलाचा भाव त्यांनी कधी चारचौघांत केला नव्हता, पोराच्या आयुष्याचा कसा करतील? दिनकर त्या मुठीवर हात ठेवून बसून राहिला. ती उघडावी म्हणून त्यानं जोर केला नाही. वेळ झाली तसा उठला, पाया पडला. गाड्या गेल्या.

सगळे गेल्यावर मी दार लावून घेतलं. खाटेवर बसलो, आबांच्या हातावर टॉवेल टाकला आणि माझा हात आत सरकवला. थोडा वेळ काही नाही. मग ती मूठ सुटली. अंगठा माझ्या पेरांवरून फिरला, एकदा, पुन्हा एकदा.

टॉवेलाखाली हात गेला आणि मला आकडा सुचला नाही असं कधी झालेलं नाही. त्या दिवशी मला खूप आकडे सुचले. वकिलांच्या चेहऱ्यावरचा, कोर्टाच्या तारखांवरून मी बांधलेला, आबांच्या श्वासाकडं बघून येणारा. मी आबांचं एक बोट धरलं आणि दाबलं. एक. एक वर्ष, आबा. पुढच्या बहाराला येतो घरी.

आबांचा हात माझ्या हातात तसाच राहिला. आकडा तोलत होते. मग त्यांनी हात काढून घेतला आणि मान भिंतीकडं वळवली.

पुढच्या पौर्णिमेच्या आत ते गेले.

यंदा पुन्हा कापड चढलंय. एकाहून अधिक बहार येऊन गेले, दिनकर आतच आहे. परवा अंथुर्ण्यावरून जाताना तात्यांनी हात करून गाडी थांबवली. त्यांच्या पोराला नोकरी लागली नाही. बाग झकास आहे, फळाला रंग आहे, आणि ज्याला दिली होती त्यानं तोडणीत बरीच झाडं मोडली म्हणतात.

"बाळू, बघून जा की बाग," ते म्हणाले. पुन्हा बाळू.

मी उतरलो. धंदा आहे. कापड उचलून आत पाहिलं, उजेड पांढरा आणि गार, फळं मुकी लटकलेली. तात्यांनी जुन्या रिवाजानं खांद्यावरचा टॉवेल काढला आणि हात पुढं केला.

"टॉवेल ठेवा," मी म्हणालो. "तोंडानं सांगा."

"आरं, गडी उभं हायती हितं."

"असू देत. त्यांच्यासमोर सांगा. मोठ्यानं."

तात्यांनी इकडं तिकडं पाहिलं. मग आकडा सांगितला, पुटपुटत. मी पुन्हा सांगायला लावला. बाग घेतली नाही.

गेल्या भेटीला काचेपुढं बसलो तेव्हा शिपाई म्हणाला, हात वर ठेवा, दिसतील असे. आता तसा नियमच आहे आमच्यासाठी. मी दोन्ही हात कट्ट्यावर पालथे ठेवले, फोन खांद्यात धरला. पलीकडं दिनकरनंही तसंच केलं. त्यानं आधी डाळिंबाचा भाव विचारला, नेहमीसारखा. मी सांगितला. तो म्हणाला, "कमी सांगतोयस." मग आवाज उतरवून विचारलं,

"दादा, मी गेल्यावर आबांनी तुला विचारलं असेल ना?"

"विचारलं."

"तू काय सांगितलंस?"

"एक."

तो माझ्या हातांकडं बघत होता. "मग?"

"हात काढून घेतला."

त्यानं मान हलवली. "माझ्याकडं तर तेवढाही नव्हता," तो म्हणाला. "काचेवर बोटं हलली खरी, पण काय दाखवायचं ते मला ठाऊकच नव्हतं."

वेळ संपल्याची हाक आली. आम्ही हात तसेच ठेवून बसलो, काचेच्या दोन बाजूंना चार पालथे पंजे, उघडे, सगळ्यांना दिसतील असे. माझा अंगठा आपला आपण पेरांवरून फिरायला लागला होता. शिपाई बघत होता म्हणून मी तो दाबून धरला.